ऑरेलची ढेप

प्राबी गावात जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाची चीजची एक ढेप असते, आणि ती त्याला स्वतःला कधीच खायला मिळत नाही. बारशाच्या उन्हाळ्यात, गाई वरच्या कुरणावर असतात तेव्हा, घरच्या दुधाची ती करायची, तळाला खूण कोरायची आणि तळघरातल्या फळीवर ठेवून द्यायची. माणूस गेला की त्याच्या घरात, त्याच्या माणसांनी ती कापून खायची. तोवर ती दगड झालेली असते. सुरीचं काम नाही, करवतच लागते. बाहेरचे लोक ऐकून नाकं मुरडतात. मुरडोत बापडे, त्यांना कोण वाढतंय!

फ्रोझीनच्या तळघरात दोन ढेपी होत्या. डावीकडची तिची स्वतःची, एक्क्याऐंशी वर्षांची, लग्नात माहेराहून टोपलीत घालून आणलेली. तिच्या तळाला एक चीर. उजवीकडची मुलाची, ऑरेलची. तिच्या तळाला दोन चिरा. नवऱ्याची अकरा वर्षांपूर्वीच गावानं खाल्ली होती, त्या जागी फळीवर नुसता गोल डाग उरला होता. दर शनिवारी सकाळी म्हातारी खाली उतरायची, दोन्ही ढेपी टेबलावर घ्यायची, ब्रशनं भुकटी झाडायची, फडक्यानं पुसायची आणि उलटून परत ठेवायची. हे करताना ती ऑरेलशी बोलायची. दुसरं बोलायला होतं तरी कोण?

ऑरेल बावीस वर्षांचा असताना कॅनडाला गेला. गाईंमागे जन्म घालवायचा नाही म्हणाला. बाप म्हणाला, “मग जा, आणि परत तोंड दाखवू नकोस.” आमच्याकडचे बाप असं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाटेकडे डोळे लावून बसतात. पण पोरानं बापाचं एवढं एकच ऐकलं. तेहतीस वर्षांत तो आला नाही, बापाच्या मातीलासुद्धा नाही. नव्या वर्षाला मात्र त्याचा फोन न चुकता यायचा.

“आई, माझी ढेप आहे का गं अजून? उंदरांना घालून टाक.”

“मेल्या, उंदरांचे दात पडतील,” ती म्हणायची. मग दोघं हसायची, आणि पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी फ्रोझीननं दोन्ही ढेपी टेबलावर घेतल्या होत्या, तेवढ्यात वर फोन वाजला. पलीकडे ऑरेलची बायको होती. जिला फ्रोझीननं कधी पाहिलं नव्हतं, ती बाई रडत रडत सांगत होती की ऑरेल गेला, हृदय बंद पडलं, तीन आठवडे झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे दहन केलं, राख तळ्यात सोडली. आधी कळवायचा धीर झाला नाही.

फ्रोझीननं फोन ठेवला. खाली गेली. ढेपी पुसायच्या राहिल्या होत्या. तिनं त्या पुसल्या आणि फळीवर ठेवल्या. हात इतके कापत होते की एक जवळजवळ पडलीच. मग ती तिथंच पायरीवर बसून दुपारपर्यंत रडली. तीन आठवडे! तीन शनिवार ती त्याच्याशी बोलत होती आणि तो नव्हताच.

संध्याकाळी उठून तिनं तोंड धुतलं. माती द्यायला काही नव्हतं, पण ढेप होती. जेवण झालंच पाहिजे. ते झालं नाही तर माणूस घरी पोचत नाही, असं आम्ही मानतो.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत सेलीनाच्या पावाच्या भट्टीवर गेली. सेलीना तिच्या गळ्यात पडली, मग डोळे पुसत म्हणाली, “मावशी, उद्या पहाटे ताजा पाव काढून देते.”

“ताजा बारशाला खातात गं बाई. मला नोव्हेंबरातला काळा पाव दे, तुझ्या माळ्यावरचा. दाताखाली वाजायला हवा.”

तिथून गुराखी झकारीकडे. त्यानं न बोलता आढ्याला टांगलेला वाळवलेल्या मांसाचा तुकडा उतरवला, हुंगून पाहिला, परत टांगला आणि त्याच्या शेजारचा, जास्त चांगला, उतरवला. “करवत मी आणतो, काकू,” तो म्हणाला. एवढ्या शब्दांना झकारीला एरवी आठवडा लागतो.

राहिली वाइन. ती गावाच्या पिंपातली. हे पिंप कधी रिकामं करत नाहीत. जेवढी काढली तेवढी दर वर्षी नवी ओततात, त्यामुळे पणजोबांच्या वेळची थोडी त्यात अजून असणारच. किल्ली बासिलकडे. बासिल म्हणजे खडूस माणूस, आणि त्याचा त्याला अभिमान.

“फ्रोझीन, वाईट झालं,” तो म्हणाला. “पण पिंप गावच्या माणसासाठी उघडतं. तुझा पोरगा गावचा उरला होता कुठे? तेहतीस वर्षं! त्याला त्या पिंपाचा वास तरी आठवत असेल का?”

फ्रोझीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तू कधी खोऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाहीस, म्हणून काय तू जास्त गावचा? त्याची ढेप माझ्या तळघरात आहे. ढेप आहे तोवर तो इथलाच. समजलं? उघड नाहीतर किल्ली टाक इकडे.”

बासिल पुटपुटत उठला आणि त्यानं घागर भरली. काठोकाठ भरली, हेही सांगायला हवं.

बुधवारी दुपारी जेवण झालं. हिवाळ्यात प्राबीत अकरा माणसं असतात, त्यातली फ्रोझीन धरून आठ टेबलाशी बसली. लेकाची म्हणून एक खुर्ची तिनं मोकळी ठेवली. “उजवीकडची,” ती झकारीला म्हणाली, आणि तो तळघरातून उजवीकडची ढेप घेऊन आला. करवत बराच वेळ चालली. पिवळे, कठीण तुकडे ताटलीत पडले. पहिला तुकडा आईचा. फ्रोझीननं तो तोंडात ठेवला, गालात धरला, चघळत राहिली. मग सगळ्यांनी घेतला. दाताखाली पाव वाजत होता.

बासिलला कुठंच स्वस्थ बसवत नाही. त्यानं उरलेली अर्धी ढेप उलटी केली, चष्मा चढवला, अंगठ्यानं तळ घासला. “फ्रोझीन,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला, “इथं एकच चीर आहे. अगं, ही तर तुझी!”

सेलीनानं तोंडातला घास चटकन तळहातावर काढला. जित्याजागत्या माणसाची ढेप खाणं आमच्याकडे भयंकर अशुभ. झकारी पांढराफटक पडला. “काकू, तुम्हीच उजवीकडची म्हणालात...”

म्हणाली होती ती. फोनच्या त्या शनिवारी थरथरत्या हातांनी ढेपी फळीवर ठेवताना अदलाबदल झाली होती. तिला ते आत्ता, तोंडात घास असताना कळलं. एक्क्याऐंशी वर्षांत जिला एवढीशी चूक करायला वेळ मिळाला नाही, तिनं नेमकी हीच करावी?

ती चघळत राहिली. मग गिळलं.

“खा,” ती म्हणाली. “माझी आहे ना? मी बसलेय ना समोर? मग मी वाढतेय, खा. बरी झालीय की चवीला. माझी आई दुधात कंजुषी करायची नाही.”

 झकारी उठला. “दुसरी आणतो. त्याची. कापतो लगेच.”

“बस खाली.”

“पण काकू, त्याचं जेवण...”

“बस म्हटलं ना!” तिनं दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. “बासिल, तुला मी काय म्हणाले होते?”

बासिलनं हातातली अर्धी ढेप ताटलीत ठेवली.  “ढेप आहे तोवर तो इथलाच,” तो म्हणाला. मग त्यानं घागर उचलली आणि त्या मोकळ्या खुर्चीपुढचा पेला भरला. सेलीनानं हातातला घास परत तोंडात घातला आणि रडत रडत खाल्ला.

चारच्या आत सगळे आपापल्या घरी गेले. उतारावर गोठलेलं होतं, अंधाराआधी पोचायला हवं. फ्रोझीननं नऊ पेले धुतले.

शनिवारी सकाळी ती तळघरात उतरली. फळीवर आता दोन गोल डाग आणि एक ढेप. तिनं ती उचलून टेबलावर घेतली आणि उलटून तळ चाचपला. पहिली चीर, दुसरी चीर. ब्रश फिरवला, फडकं फिरवलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिली.

“बापाच्या वेळेला आला नाहीस, मेल्या,” ती म्हणाली. “माझी तर खाऊन झाली. आता माझ्या वेळेला तुला यावंच लागेल.”

तिनं ढेप फळीवर ठेवली, डावीकडे, स्वतःच्या जागेवर.