भाऊजींचा लाल गोळा

आमच्या धाकट्या भाऊजींइतका संशयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. दूधवाल्यावर नाही, नातेवाइकांवर नाही. त्यांचा सगळा संशय एका लाल गोळ्यावर. पुलगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात ते नोकरीला होते. कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम भरला की तो नीट बसला का, याची तपासणी असे. तिच्या शेवटी पडद्यावर लाल गोळा फिरे आणि यंत्र विचारे, पुरा दिसला का? तेच यंत्र सकाळी गोळा पुरा दाखवी, दुपारी तुटका. बाकीचे लोक 'दिसला' म्हणून मोकळे होत. भाऊजी तीनदा फिरवत. तिन्ही वेळा पुरा तर वहीत 'पास', तिन्ही वेळा तुटका तर 'नापास', आणि कधी असा कधी तसा तर 'लहरी'. जाम गावचा एक दुकानदार चिडून म्हणाला, "अरे, बिल निघून राह्यलं ना? मंग गोळ्याचं काऊन घेऊन बसला?" भाऊजी म्हणाले, "काका, बैल तीनदा उठवला अन् दोनदाच उठला, तर घ्यान का तुम्ही?"

घरी एक जुनं यंत्र होतं. त्यावर गोळा पाहायला ते मला बोलावत, मग फोडणी जळो की राहो. "शिकलेला माणूस अंदाज बांधते, वैनी. तुम्ही निस्त्या पाह्यता."

एकदा मुलींच्या टायपिंग क्लासात दहा कॉम्प्युटर बसवायचे होते. दुकानाच्या मालकांनी भाऊजींना बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत दहाही पास, तर नोकरी पक्की. नाई तर उद्यापासून येऊ नोको." नेमके भाऊजींचे डोळे आले, पार चिकटून गेले. मग पाहायला मला नेलं. नऊ पास झाले. दहाव्याचा गोळा दोनदा पुरा फिरला, तिसऱ्यांदा खालून खाल्ल्यासारखा दिसला. मालक माझ्याकडे पाहत होते. खोटं बोलायची मला फार इच्छा झाली. परक्यांसमोर एरवी माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी मेला फुटला. "अर्धाच दिसला."

"चौथी शिकलेल्या बाईच्या भरवशावर नोकरी घालवतो का बे?" मालक ओरडले.

भाऊजींनी चाचपडत वही माझ्या हातात दिली. "लिहा वैनी. दहा नंबर, लहरी."

नोकरी गेलीच. रस्त्यात मी रडू लागले, तर म्हणतात कसे, "डोळे माहे आले, वैनी. पाणी तुम्ही काऊन काढता?"

महिन्याभरात ते नागपूरला नव्या नोकरीवर गेले. तिथे पडद्यावरचा गोळा पाहायला चांगली शिकलेली माणसं आहेत म्हणे. ते बरंच झालं. पण तुम्हाला काय दिसलं, असं मला त्यानंतर कोणी विचारलं नाही.