सुमंगलाबाईंचं ‘व्हेन’

कोरगावच्या सुमंगलाबाईंना पन्नाशी उलटल्यावर पहिली नोकरी लागली, तीही गोव्यातल्या मोपा विमानतळावर, साफसफाईची. निळा गणवेश चढवून त्या बसमधून उतरत, तेव्हा त्यांना रोज लग्नाला आल्यासारखं वाटे. अडचण फक्त इंग्रजीची. एका मुलीनं ‘व्हेअर’ असं काहीतरी विचारलं आणि बाईंनी मोठ्या ऐटीत भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मुलगी हसत निघून गेली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काजूचे दिवस होते. संध्याकाळी बोंडूची बी पिरगळून काढताना त्यांनी हे सुनेला, सिद्धीला, सांगितलं.

“आई, सगळं वाक्य पकडायला जाऊ नका. पहिला शब्द धरा. व्हेअर म्हणजे जागा विचारतायत. व्हेन म्हणजे वेळ. हू म्हणजे माणूस, व्हॉट म्हणजे वस्तू, हाऊ म्हणजे कसं. आणि व्हाय म्हणजे कित्याक, कारण विचारतायत.”

“आपलं बरं गो. कोण, कधी, कित्याक, सगळी ‘क’चीच पोरं.”

“त्यांची ‘व्ह’ची. फक्त हू आणि हाऊ तेवढे ‘ह’चे.”

“असतात प्रत्येक घरात असे दोन आडमुठे!”

त्या दिवसापासून बाईंनी घर डोक्यावर घेतलं. कोंबडी दिसेना झाली की “व्हेअर?” नवरा कृष्णनाथ बागायतीतून उशिरा आला की “व्हाय?”

“भूक लागली म्हणून आलो. आता जेवायला व्हेन ते सांग!” कृष्णनाथही काही कमी नव्हते.

एका सकाळी विमानतळावर एक गोरी म्हातारी बाकावर बसून रडत होती. लोक बघून पुढे जात होते. सुमंगलाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

“व्हॉट?”

“बॅग. पासपोर्ट.”

“व्हेअर?”

म्हातारीनं मान हलवली आणि आणखीच रडू लागली. बाईंच्या मनात आलं, कुठे ते ठाऊक असतं तर ही रडली कशाला असती? जागा आठवत नसेल, तर वेळ विचारावी.

“व्हेन? बॅग… व्हेन?”

म्हातारी थांबली. डोळे मिटून तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. “नाइन. टी,” ती म्हणाली. मग हातानं पाव मोडल्यासारखं केलं आणि “रेड चेअर्स” म्हणाली. टी म्हणजे चहा आणि रेड म्हणजे लाल, एवढं बाईंना येत होतं. विमानतळाच्या वाटेवर, पार्शे गावच्या नाक्यावर नारायणचं चहाचं दुकान, तिथल्या खुर्च्या लालभडक. बाईंनी लगेच फोन लावला.

“गे बाये, ती पिशवी?” नारायण पलीकडून म्हणाला. “खुर्चीलाच लटकतेय! कोणी न्यायला येतं का म्हणून कधीपासून वाट बघतोय.”

अर्ध्या तासात नारायण स्वतः स्कूटरवरून पिशवी घेऊन दारात हजर झाला. म्हातारीनं आधी पिशवीला मिठी मारली, मग नारायणला, आणि सुमंगलाबाईंना तर सोडेचना. मग डोळे पुसत तिनं एक लांबलचक वाक्य विचारलं. पहिला शब्द होता ‘हाऊ’.

बाईंना प्रश्न पक्का कळला: तुला कसं समजलं? पण सांगायचं कसं? “हाऊ… नारायण टी गुड!” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. म्हातारी खो खो हसली, नारायण लाजला, आणि बाजूचा शिपाईसुद्धा हसू लागला.

घरी पोचल्या पोचल्या बाईंनी चपला काढायच्या आधीच हाक मारली, “सिद्धी, विचारायला आलं गो मला! आता उत्तर द्यायला शिकव.”