पाचव्या 'का'चा रकाना

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. माझं काम लॉग वाचण्याचं – कोणत्या यंत्रावर, किती वाजता, काय घडलं याची नोंद. नोंदीत नाही ते घडलंच नाही, असं मी टीमला शिकवत आलो.

निघोजेजवळच्या आमच्या कारखान्यात सायबर सुरक्षेची टीम तिघांची. त्यातली सुषमा कांबळे आठ वर्षं असेंब्ली लाइनवर होती. शिफ्ट सांभाळून कोर्स केला आणि प्रोबेशनवर माझ्याकडे आली.

मंगळवार, सकाळचे अकरा दहा. आमच्या टेबलावरचा इंटरकॉम वाजला. डिस्प्लेवर २१४, म्हणजे पेंट शॉप. मी स्वतः पाहिलं. सुषमानं उचलला, "कोण?" म्हणाली... आणि धावत जाऊन तीन नंबर मशीनची नेटवर्क केबल उपटली. लाइन थांबली.

"अगं, कोणाला विचारून?"

"कुणीतरी म्हातारा होता, सर. म्हणाला, 'पोरी, तीनची तार काढ. इचारत बसू नगं.'"

अकरा सोळाला अलर्ट आला. बाहेरच्या सर्व्हिस इंजिनिअरनं त्या मशीनला लॅपटॉप जोडला होता; त्यातून रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं होतं. फायली गेल्या त्या एकाच मशीनच्या. बाकी कारखाना वाचला.

पेंट शॉप दोन वर्षांपूर्वी पाडलंय. २१४ची वायरही तेव्हाच काढली. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या नोंदीत तो कॉल नाही.

आमच्याकडे लाइन थांबली की व्हाय-व्हाय फॉर्म भरतात. पाच वेळा 'का' विचारायचं; पाचवं उत्तर मिळेपर्यंत फॉर्म बंद होत नाही.

"भूत लिहिणार का राव?" प्लांट हेड मला म्हणाले. "फॉर्म कस्टमरकडे जातो, तो हसेल. लिहा, हिनं अलर्ट बघून केबल काढली. हिचं कन्फर्मेशनही होऊन जाईल."

विनापरवानगी लाइन थांबवणाऱ्याची नोकरी टिकत नाही, हे सुषमाला ठाऊक होतं.

"केबल अकरा अकराला निघाली, सर. अलर्ट अकरा सोळाचा," ती म्हणाली. "लॉग बदलू का? लॉगला हात लावणाऱ्याला पकडायचं, हेच शिकले मी इथं."

तिनं खरं ते लिहून सही केली. खाली मी केली.

टेलिफोनवाल्याला तीनदा बोलावलं. त्यालाही काही सापडलं नाही. फॉर्म अजून उघडा आहे, तिचं कन्फर्मेशनही अडलेलं. चार रकाने भरलेत. पाचवा 'का' येऊन थांबतो 'फोन कोणी केला?'वर; तो रकाना रिकामा. दर सोमवारी वरून मेल येतो: रकाना भरा.

दर सोमवारी आम्ही दोघं सहीनिशी कळवतो: माहीत नाही.