रांगोळीनं घासलेली नाणी

आमचे हे अल थुमामाच्या बाजूला एका बांधकामावर क्रेन चालवायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट; दोहात जिकडे बघाल तिकडे खोदाई. यांचे डोळे अधू होत चाललेत हे मला उन्हाळ्यापासून कळत होतं. चहा कपाबाहेर ओतायचे, जिन्यात चाचपडत पाय टाकायचे. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचे. "साखर उतरली की होईल ठीक. कंपनीला कळलं तर खलास, व्हिसा रद्द!" पण ती क्रेन लोखंड उचलायची आणि खाली माणसं असायची. माझा जीव सारखा टांगणीला.

त्यांना नाद एकच, युरोपातल्या चिमुकल्या संस्थानांच्या चांदीच्या नाण्यांचा. एक साहेब जाताना मोनॅकोचं नाणं देऊन गेला आणि हे बिघडले! मग जुन्या बाजारातून लिश्टेनस्टाइनची दोन पैदा केली. आमच्या तालुक्यात असले चार देश मावतील. "राजा कसला, सरपंच असेल," मी चिडवायची. पण नाणी पुसायची सोय नव्हती. त्यांच्यावर चढलेला काळा रंग हेच म्हणे त्यांचं मोल.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी निरांजन रांगोळीनं घासत बसले होते. सकाळीच डॉक्टरवरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं. तिरीमिरीत तिन्ही नाणी घेतली आणि घासघासून लख्ख केली. मग भानावर आले आणि गुपचूप जागच्या जागी ठेवून दिली.

दुपारी हे आले, जेवले, नाणी घेऊन खिडकीपाशी बसले. एकावरून अंगठा फिरवत म्हणाले, "बघ गं, शंभर वर्षांचा काळा रंग. कसा मुरलाय!"

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. नाणं नुसतं चकाकत होतं. अहो, ओरडले असते, हात उगारला असता, तरी मला बरं वाटलं असतं.

"मी घासलीत ती," मी म्हटलं. "तिन्ही."

त्यांचा अंगठा थांबला. मग म्हणाले, "कंपनीत बोलू नकोस."

मी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी न्यायला आली तेव्हा खाली जाऊन फोरमनला सगळं सांगितलं. भररस्त्यात रडले. वर आले तर हे बूट घालून, डबा घेऊन दारात उभे.

"गाडी आली ना?"

"गेली," मी म्हटलं.