बाळापूरच्या बंदुकीवरचा ठसा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी वऱ्हाडातल्या जुन्या ठासणीच्या बंदुका हा विषय घेतला. लहानपणी दसऱ्याला दुसऱ्यांच्या ओसरीवर पूजेला मांडलेली बंदूक लांबून पाहिली होती, कदाचित म्हणून असेल.

बाळापूरला एका आबाजींकडे तशी एक होती. बार उडणं केव्हाच बंद, कागदपत्रं नीट. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर ठसा होता: मुकुट, खाली दोन अक्षरं आणि एक आकडा. तो वाचता आला तर बंदूक कुठली, केव्हाची ते कळणार होतं. आधी पाहिलेल्या दोन बंदुकांवर काहीच नव्हतं, त्यामुळे माझं सगळं काम या एका ठशावर होतं. मी मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला. अमरावतीला परत येऊन फोटो पाहिला तर पट्टीवर नुसता पांढरा डाग.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं, फ्लॅश बंद ठेव, टॉर्च अगदी आडवी धर, म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडते. आधी विचारायचा मला धीर झाला नव्हता. आबाजींना फोन केला तेव्हा चूक माझी आहे हेही सांगवलं नाही. गंजामुळे फोटो आला नसेल, रविवारी परत येते, असं मीच म्हणाले.

रविवारी राजापेठेतल्या मैत्रिणीची टॉर्च घेतली आणि अकोल्याला बस बदलून गेले. बंदूक धुतलेल्या चादरीवर ठेवली होती. पट्टी नव्या ताटासारखी चमकत होती.

"गंज म्हनली होती ना तू, पोरी," आबाजी म्हणाले. "दोन दिवस पालिश पेपरनं घासून राह्यलो. आता पाय कशी चमकते."

मी टॉर्च सगळ्या बाजूंनी धरून पाहिली. मुकुटाचं एक टोक उरलं होतं, किंवा तो ओरखडा असेल. आबाजींची बोटं काळी पडली होती, एका बोटाचं कातडं सोललं होतं.

"आला का आता?"

"आला," मी म्हणाले. आणि ते पाहत होते म्हणून दहा-बारा फोटो काढले.

प्रकल्प मॅडमनी परत केला. समासात लिहिलं होतं, पुरावा नाही. तो मी अजून पुन्हा दिलेला नाही.

आबाजी अधूनमधून फोन करतात, बंदुकीचा फोटो छापून आला का विचारतात. मी त्यांना लेक्चर चालू आहे म्हणून सांगते.