बेलापूरच्या खाडीत, ओहोटीला

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकाहत्तर वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. सगळी नोकरी लातुरात टपाल वाटण्यात गेली. आई गेल्यापासून ते कुठं जायचंच म्हणत नव्हते. एप्रिलमध्ये एकदा जेवता जेवता ओवीनं, माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं, विचारलं, "आजोबा, तुम्ही जहाज बघितलंय का खरंखुरं?" अप्पा म्हणाले, "नाही बाळा. बघायला पाहिजे एकदा." त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांनी 'पाहिजे' हा शब्द ऐकला होता. मी त्याच दिवशी रेहानाला फोन लावला.

रेहाना माझी पुण्यातल्या हॉस्टेलची मैत्रीण. मूळची रायगडची, श्रीवर्धनकडची, आता सीबीडी बेलापूरला राहते. नवरा बोटीवर नोकरीला आणि घरी ती एकटी. "मे महिन्यात येतेस?" ती हसली. "घामाची अंघोळ होईल गं. पण ये. अप्पांना घेऊन ये."

मला हसू आलं. आम्ही बेचाळीस डिग्रीत राहणारी माणसं, पस्तीस डिग्रीला काय घाबरायचं? हा माझा पहिला मूर्खपणा. मे महिन्यात इकडे यायचा विचार करत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. आपल्याकडं ऊन भाजतं, पण घाम वाळतो. इथं घाम वाळतच नाही. सकाळी कळंबोलीला ट्रॅव्हल्सच्या गाडीतून उतरलो, तर पाच मिनिटांत महेशचा, माझ्या नवऱ्याचा, शर्ट पाठीला चिकटला. अप्पा रुमालानं मान पुसत म्हणाले, "कुणी ओलं पांघरूण घातल्यासारखं वाटतंय."

पहिले दोन दिवस मजेत गेले. रेहानानं घावणे आणि नारळाचं दूध करून ठेवलं होतं, अप्पांनी चार खाल्ले. ओवीसाठी मेट्रोनं बेलापूरहून पेंधरपर्यंत जाऊन परत आलो. दुपारच्या उन्हात पोरांना घेऊन कुठं जायचं हा प्रश्न पडला तर ही सोपी युक्ती आहे, डब्यात गारवा असतो आणि खिडकीतून डोंगर दिसतात. संध्याकाळी खाडीच्या कडेला गेलो. लांब बंदराच्या उंच क्रेन आणि त्यांच्याखाली कंटेनरनी लादलेलं एक जहाज. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "हे तरंगतं कसं?" महेश समजावून सांगायला लागला, पण त्यांना उत्तर नकोच होतं.

तिसऱ्या दिवशी होडी ठरली. बेलापूरजवळच्या एका कोळीवाड्यातून फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, दाखवायला होड्या जातात. पावसाआधी ते निघून जातात, म्हणून रेहानाच म्हणाली, आताच बघून घ्या. तिला ऑफिस होतं. तिनं ओळखीच्या काशिनाथभाऊंना सांगून ठेवलं. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. वर छप्पर नसलेली लांबट होडी, मागे इंजिन. लाइफ जॅकेट त्यांनी स्वतः बांधून दिली आणि अप्पांना हात धरून मधल्या फळीवर बसवलं. आम्ही सातला निघालो. सोबत पाण्याच्या चार बाटल्या, एक छत्री आणि बिस्किटं.

पाऊण तासात पक्षी दिसले. आधी नुसती गुलाबी रेघ, मग एकेक मान. हजारोंनी असतील. चिखलात चोच घालून चरत होते आणि सगळ्यांचा मिळून एक घोगरा गलका चालला होता. ओवी फळीवर उभी राहिली, तिला खाली ओढून बसवलं. अप्पा हात जोडून बसले होते, देवळात बसावं तसे.

काशिनाथभाऊ म्हणाले, "ताई, पानी उतरतंय. आता फिरूया."

"पाचच मिनिटं," मी म्हणाले. "थोडं जवळ घ्या ना. फोटो नीट येत नाहीये."

"तिकडं गाल हाय, नुसता चिखल."

"पाचच मिनिटं हो."

त्यांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा अप्पांच्या चेहऱ्याकडं. अप्पा इतके खूश होते की काशिनाथभाऊंना नाही म्हणवलं नसावं. होडी पुढं गेली. पाचाची पंधरा मिनिटं झाली. मी शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा धडा दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. चंद्र, पृथ्वी, बाण, सगळं. आणि डोळ्यांसमोर पाणी चाललेलं मला दिसलं नाही.

इंजिन गुरगुरलं, मागं काळा चिखल उडाला आणि होडी हललीच नाही. काशिनाथभाऊंनी बांबू रोवून जोर लावला. बांबू गाळात हातभर गेला. त्यांनी इंजिन बंद केलं. आजूबाजूला जे पाणी होतं ते बघता बघता वितळल्यासारखं मागं सरकत होतं. सगळ्यात आधी त्यांनी बादली भरून घेतली.

"हे कशाला?" महेशनं विचारलं.

"पानी हाय तवर भरून ठेवतो. आजोबांच्या अंगावर मारायला लागंल." मग ते माझ्याकडं वळले. "आता दुपारच्या भरतीला होडी उठंल. एक-दीड वाजंल."

नऊ वाजले होते.

अर्ध्या तासात आमच्या चारही बाजूंना फक्त करडा, चकचकीत गाळ उरला. खोल पाण्याचा पट्टा शंभरेक पावलांवर दिसत होता. तिवरांची झाडं त्याहून लांब. त्या पलीकडं इमारती होत्या, त्यांच्या काचा उन्हात चमकत होत्या, आणि आमच्या डोक्यावर एका छत्रीएवढी सावली होती. ती अप्पांवर धरली. ओवीला माझ्या ओढणीखाली घेतलं.

महेश म्हणाला, "शंभर पावलं तर आहेत. मी जाऊन बघतो." काशिनाथभाऊ "पाय ठेवू नका" म्हणेपर्यंत त्यानं एक पाय खाली टाकला होता. तो मांडीपर्यंत आत गेला. आवाजही झाला नाही. महेशनं होडीची कड धरली, पण दुसरा पायही घसरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी लग्नाच्या अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. ओवी "बाबा!" म्हणून किंचाळली. काशिनाथभाऊंनी आडवं वल्हं त्याच्या काखेखाली सरकवलं, मी त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि आम्ही दोघांनी त्याला वर ओढला. एक चप्पल गाळातच राहिली.

काशिनाथभाऊंनी घरी फोन केला, मी रेहानाला. "टेन्शन नको घेऊ," ती म्हणाली, पण तिचा आवाज चढला होता. "मी ऑफिसातून निघते. धक्क्यावर थांबते. अप्पा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणाले. आणि अप्पांकडं पाहिलं.

ते बरे नव्हते. चेहरा लाल झाला होता. सकाळपासून निथळणारं कपाळ आता कोरडं होतं. मी हात लावला तर तापलेल्या तव्यासारखं. अप्पांना ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू आहे, रोज सकाळी घेतात. मीच दिली होती निघताना. शेवटच्या बाटलीतलं पाणी घोट घोट पाजलं, अर्धं ओठांवरून ओघळलं. बादलीतलं खाडीचं पाणी टॉवेलवर ओतून मानेला, काखेत, पायांना लावत राहिलो. त्या पाण्याला वास येत होता, पण कुणाला त्याची पर्वा नव्हती.

"अप्पा, मी कोण?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "सायकल आत घेतली का?" त्यांनी विचारलं. "पिशवीत पत्रं हायत लोकांची."

महेशनं तोंड फिरवलं. ओवी मला अगदी चिकटून म्हणाली, "आई, आजोबा असं का बोलतात?" मी तिचं डोकं पोटाशी धरलं. मनात एकच चाललं होतं, मी यांना इथं आणलं. फोटोसाठी आणलं.

अकराच्या सुमाराला खोल पाण्यात एक होडी येऊन थांबली. तिच्यातून दोघं उतरली, काशिनाथभाऊंची बायको हिराबाई आणि तिचा भाऊ. त्यांनी सोबत थर्माकोलचा तराफा आणला होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दारापेक्षा थोडा लांब. त्यावर छाती टेकून, पाय गाळात मारत, ती दोघं तो आमच्याकडं सरकवत आली. हिराबाई कंबरेपर्यंत चिखलानं माखली होती. आल्या आल्या तिनं तराफ्यावरची ताडपत्री, बर्फाची पिशवी आणि पाण्याचा कॅन आत दिला आणि अप्पांच्या गळ्याशी हात लावला.

"यांला आत्ता न्यायला पाह्यजे," ती म्हणाली. "एका येलेला एकच मानूस बसल. तुमाला नेत बसलो तं उशीर व्हईल. आमी यांला घेऊन सरल निगतो."

"एकट्यांना?"

"आमी हाव ना."

त्या तीन शब्दांवर मी वडिलांना सोडलं. दुसरं काय करणार होते? त्यांना तराफ्यावर आडवं केलं, दोरीनं सैल बांधलं, बर्फाची पिशवी काखेत ठेवली. अप्पांनी विरोध केला नाही, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. मग ती दोघं त्यांना ढकलत निघाली. करड्या गाळावर पांढरा शर्ट हळूहळू लहान होत गेला. होडीत चढवलं, इंजिन चालू झालं आणि होडी वळून तिवरांआड गेली.

ताडपत्रीखाली आता सावली होती, पाणी होतं. ओवी सुरक्षित होती. तरी पुढचा तास मी कसा काढला ते सांगता येत नाही. रेहानाचा फोन लागत नव्हता. फ्लेमिंगो अजून तिथंच चरत होते. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. काशिनाथभाऊ एकदा म्हणाले, "ताई, चूक माझी. मी फिरायला पायजे होतं." मी म्हणाले, "नाही हो. तुम्ही सांगितलं होतं."

साडेबाराला फोन वाजला. "सलाईन लावलंय," रेहाना धापा टाकत म्हणाली. "ताप खाली येतोय. नर्सवर चिडलेत, माझा चष्मा कुठाय म्हणून." मी फोन महेशच्या हातात दिला आणि रडले.

पाणी आलं ते आधी ओढ्यासारखं, गाळातल्या चिरांमधून. मग होडी थोडी डुलली. दीडच्या सुमाराला आम्ही सुटलो.

अप्पा दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. शरीरातलं मीठ फार कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळीचा डोस बदलला आणि मला शांतपणे सांगितलं की उन्हाळ्यात वयस्कर माणसाला बाहेर न्यायचं असेल तर आधी गोळ्यांबद्दल विचारून घ्यायचं, आणि घाम थांबला की एक मिनिट थांबायचं नाही. मी तेच तुम्हाला सांगते. होडीनं जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी विचारा, छप्पर असलेली होडी घ्या, आणि नावाडी 'फिरूया' म्हणाला की फिरा.

निघायच्या आदल्या दिवशी हिराबाईकडं गेलो. अप्पांनी तिच्यासाठी साडी घ्यायला लावली होती. ती हसत म्हणाली, "आजोबा, वाटभर मला पत्ता सांगत व्हते. अमुक गल्ली, तमुक घर." अप्पा लाजले. त्यांना त्यातलं काही आठवत नाही.

लातूरला येऊन आता महिना झाला. शेजारी विचारतात तेव्हा अप्पा जहाजाचं आणि गुलाबी पक्ष्यांचं सांगतात, गाळाचं नाही. मी मात्र दुपारी ते झोपले की दारातून बघते, छाती हलतेय ना. कधी कधी आत जाऊन कपाळाला हात लावते, ओलं आहे की कोरडं.

काल हात लावला तर ते जागेच होते. डोळे न उघडता म्हणाले, "घाम आलाय. जा, झोप आता तू."