रेडिएटरमधलं बोअरचं पाणी

सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. पेरुंगुडीतल्या आमच्या अपार्टमेंटमधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि तिसऱ्या सिग्नलपाशी तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. आधी एसीतून गरम हवा आली, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. मागचा बसवाला हॉर्न दाबूनच बसला होता. मी गाडी कशीबशी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, सासऱ्यांना उतरवून एका बंद दुकानाच्या सावलीत उभं केलं आणि गॅरेजवाल्याला फोन केला.

तो स्वतः आला आणि दोरी लावून गाडी, आम्हा दोघांसकट, त्याच्या शेडमध्ये ओढून घेऊन गेला. पन्नाशीचा शांत माणूस. तंजावरकडचा, घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारा, पण तमिळच्या हेलात, मध्येच जुने शब्द आणि मध्येच तमिळ. सांगलीहून चेन्नईत आल्यापासून मी गाडी त्याच्याकडेच देत होते, निम्मं कारण त्याचं ते बोलणं.

इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण काढलं. आत चहासारखं तांबूस पाणी आणि कडेला पांढरे पापुद्रे.

मी अंबत्तूरच्या कारखान्यात दिवसभर रेडिएटरच तपासते. आत काय असायला हवं ते मला कुणी सांगायची गरज नाही. सहा महिन्यांपूर्वी याच माणसाने इंजिन थंड ठेवणारं नवीन कूलंट भरल्याचं सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं.

"हे कूलंट आहे? नळाचं पाणी भरून तुम्ही मला कूलंट म्हणून सांगितलंत?"

"मी हिरवं कूलंटच घातलं होतं, मा," तो म्हणाला. "घरी कुणी पाणी घालतं काय, ते बघा."

"घरात गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. मी याच कामातली आहे. मला बाई समजून फसवायला गेलात."

शेडमध्ये आणखी तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. सगळ्यांनी माना वळवल्या. खालचा पाइप एकदा बघू द्या, एवढंच तो म्हणाला. मी तेही करू दिलं नाही. पाणी भरून घेतलं, सासऱ्यांना बसवलं आणि काट्यावर डोळा ठेवून, दोनदा थांबत, घरी आले. सासरे वाटेत एक शब्द बोलले नाहीत. माझ्या ओरडण्याने घाबरले असतील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नवरा म्हणाला, दुसरं गॅरेज बघू. मी म्हटलं, आता कुणाच्याच हातात देणार नाही. सकाळीच खाली पार्किंगमध्ये गेले. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, कूलंटचा डबा, धुण्याचा जुना टब, पक्कड. सासरे प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागोमाग आले. ते आयुष्यभर सरकारी जीप चालवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर, चार महिन्यांपूर्वी, आम्ही त्यांना इकडे आणलं होतं.

रेडिएटरच्या तळाचं बूच सैल केलं तसं ते तांबडं पाणी टबात पडायला लागलं. माझी चीड पुन्हा वर आली. ते सगळं मी जुन्या कॅनमध्ये ओतून झाकण घट्ट लावलं. उरलंसुरलं कूलंट विषारी असतं आणि पार्किंगमध्ये मांजरं फिरतात. मग बूच बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरलं, इंजिन सुरू केलं आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे पाणी आतल्या सगळ्या नळ्यांतून फिरतं. चेन्नईत हीटर लावलेली बाई बघून वॉचमन हसला. त्याच्याकडे मी बघितलं तसा पाठ करून गेला.

रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद झाला. मी इंजिन बंद करून निवायची वाट बघत होते, तेवढ्यात सासरे उठले आणि झाकणाकडे हात नेला.

"बाबा, हात काढा." मी त्यांचं मनगट धरून ओढलंच. "उकळतं पाणी तोंडावर येईल."

"मला शिकवू नकोस. रोज सकाळी मीच उघडतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्याही लक्षात आलं, काय बोलून गेलो ते.

"रोज म्हणजे?"

ते खुर्चीत बसले. "तू कंपनीच्या बसने गेलीस की खाली येतो. खालच्या पाइपातून थेंब थेंब पडत होते. मी वरून भरत होतो. बागेच्या नळाचं."

आमच्या बागेच्या नळाला बोअरचं पाणी येतं. बादलीत ठेवलं तरी दोन दिवसांत पांढरा थर धरतं. मी गाडीखाली सरकून पाहिलं. खालच्या पाइपाची क्लिप जुनी होऊन चिरली होती. तो माणूस हेच बघू द्या म्हणत होता.

"पाणी घातलंत त्याचं मला काही नाही, बाबा. काल तुम्ही तिथेच उभे होतात. मी त्या माणसाला चोर ठरवलं, चार लोकांसमोर. तुम्ही ऐकत होतात."

"सुनेसमोर, परक्या माणसासमोर, कसं सांगणार? चाळीस वर्षं गाड्या सांभाळल्या मी."

"म्हणून त्याने ऐकून घ्यायचं?"

मला इतका राग आला होता की हातातली पक्कड मी टबात टाकली आणि जिन्यापर्यंत चालत गेले. मग परत आले, कारण गाडी उघडी होती. आणखी तीन वेळा पाणी भरलं, फिरवलं, काढलं. चौथ्यांदा स्वच्छ आलं. क्लिप आणून बदलली, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं मिसळून भरलं. दुपार झाली. या सगळ्या वेळात ते खुर्चीवरून उठले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी मी गॅरेजमध्ये निघाले. "बाबा, चला," म्हटलं. ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. मी एकटीच गेले.

त्याला सगळं सांगितलं, क्लिपसकट. माझी चूक झाली म्हणाले. मुद्दाम मोठ्याने म्हणाले, पण त्या दिवशीची गिऱ्हाईकं कुठे होती तिथे.

तो हात पुसत ऐकत होता. "सरी, मा," म्हणाला, म्हणजे ठीक आहे. मग तमिळमध्ये पुढचं बोलला, मला समजेल इतकं सावकाश: गाडी आता दुसरीकडे दाखवत जा.

माझ्याशी तो पहिल्यांदाच मराठी सोडून बोलला. मी परत आले. सासऱ्यांनी विचारलं, काय म्हणाला. मी त्यांना त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि ते मान खाली घालून बसले तरी त्या दिवशी मला त्यांची दया आली नाही.